खोट्या रुग्णाचे खरेपण



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती अगदीच चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढे जे काही वाचले, ऐकले, ते रात्रीच्या वाचनालयात आणि अशाच वसंतातील व्याख्यानांच्या मांडवात. म्हणून या मांडवाचे थोडे ऋण फेडावे, या हेतूने आज एक निराळा विषय घेऊन आम्ही आपल्यापुढे आलो आहोत.

डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी आणि अलीकडे कारखान्यातील कामगार यांना प्राणसंकटाच्या प्रसंगाची तालीम देण्यासाठी एक नवे साधन निघाले आहे. डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवावयाचा. मग समोरची खोली दिसते ती दिसतेच. पण त्या खोलीत नसलेल्या वस्तूही दिसू लागतात. रिकाम्या जमिनीवर जखमी माणूस पडलेला दिसतो, कोपऱ्यातून धूर येताना दिसतो. खऱ्यात खोटे मिसळलेले, म्हणून या प्रकाराला मिश्र वास्तव, इंग्रजीत मिक्स्ड रिअॅलिटी, असे नाव आहे. ही तालीम कितपत खरी, हे कशावरून ठरवावे आणि कोणी ठरवावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. वरवर पाहता हा प्रश्न पंडितांचा वाटेल. तो आमच्या दारी कसा आला, ते आधी सांगितले पाहिजे.

१. प्रश्न आमच्या दारी कसा आला

सोलापुरातून अक्कलकोटकडे निघालेल्या यात्रेकरूला रस्त्यालगत आमची एमआयडीसी लागते. यंत्रमागांचा खडखडाट गाडीच्या काचा बंद असल्या तरी कानी येतो. येथे टॉवेल विणले जातात, चादरी विणल्या जातात. आत शिरले की बोलणे ऐकू येत नाही. माणसे हातांच्या खुणांनी बोलतात. हवेत सुताचा बारीक भुसा तरंगत असतो. तो अंगावर, छतावर, विजेच्या पेट्यांवर, सगळीकडे बसतो. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल याची कल्पना करावी. कामगारांच्या तोंडी तेलुगू, कानडी, मराठी आणि दखनी, अशा चार भाषा.

सन १९९६ मध्ये अशाच एका शेडमध्ये आम्ही कामाला होतो. वय पंचविशीचे. शेजारच्या मागावरच्या पोराला मोटारीच्या सुट्या वायरीचा धक्का बसला. कोणीतरी मेन स्विच पाडला, पोराला ओढून बाजूला घेतले. तो डोळे मिटून पडला होता, पण तोंड उघडून मधूनमधून घशातून आवाज करीत मोठा श्वास घेत होता. ‘श्वास घेतोय, श्वास घेतोय!’ असे आम्हीच ओरडलो. कोणी तळपाय चोळले, कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा फोडून नाकाला लावला. श्वास चालू आहे म्हणजे जीव आहे, आता दवाखान्यात नेले की काम झाले, अशी सर्वांची खात्री. रिक्षा मिळेपर्यंत आणि रिक्षातून नेईपर्यंत वेळ गेला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

तो श्वास नव्हता, हे आम्हांला कळायला पुढे बारा वर्षे लागली. हृदय बंद पडल्यावरही मेंदूच्या बुडाचा भाग काही मिनिटे धडपडतो आणि तसे आचके येतात. आपल्या मराठीत त्याला ‘आचके’ हा नेमका शब्द आहे. पण आचके दिसले की आपण दोहोंपैकी एक समजतो: एक तर ‘जिवंत आहे, काही करायला नको’, नाही तर ‘संपले, आता काही उपयोग नाही’. दोन्ही समजुतींचा परिणाम एकच. छाती कोणीच दाबीत नाही. वास्तविक, हाक मारून प्रतिसाद न देणारा आणि नेहमीसारखा श्वास न घेणारा माणूस म्हणजे हृदय थांबलेला माणूस, असे धरून ताबडतोब छाती दाबू लागले पाहिजे. काहीच मदत न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. आमची रिक्षा त्यापेक्षा हळू होती.

मग १८ मे २०२५ चा दिवस उजाडला. त्या रविवारी पहाटे आमच्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. त्यांत मालकाच्या कुटुंबातील माणसे होती, कामगार होते, एक चिमुकले मूलही होते. धुराने आणि आगीने मालक व मजूर असा भेद केला नाही. त्यानंतर एमआयडीसीत ‘प्रशिक्षण’ हा शब्द पुष्कळ ऐकू येऊ लागला आणि त्यापाठोपाठ हा चष्माही आमच्यापर्यंत आला.

२. तालमीच्या साधनांचा थोडा इतिहास

बंद पडलेले हृदय बाहेरून छाती दाबून चालविता येते, हे ज्ञान कोठून आले हे कामगारांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत विजेच्या तारांवर काम करणारे मजूर धक्क्याने मरत. त्यावर संशोधन करणाऱ्यांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे विल्यम कोवेनहोवेन हे होते. ते डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. त्यांनी जूड आणि निकरबॉकर या सहकाऱ्यांसह १९६० साली छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मजुरांच्या मरणातून निघालेली ही विद्या मजुरांपर्यंत पोचायला मात्र फार वेळ लागला.

विद्या आली, पण ती शिकवायची कशावर? निरोगी माणसाची छाती तशी दाबता येत नाही. त्याच सुमारास नॉर्वेतील खेळणी तयार करणारे ओस्मुंड लेरडाल यांनी माणसाच्या आकाराची बाहुली केली. तिचे नाव अॅन. तिला त्यांनी भेसूर चेहरा दिला नाही. पॅरिसच्या सेन नदीत बुडालेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका अनामिक मुलीच्या मुखवट्याचा शांत चेहरा दिला. शिकणाराने घाबरू नये हा हेतू. म्हणजे पहिल्याच बाहुलीत कर्त्याने खरेपणाची निवड केली होती. छातीचा दाब खरा असावा, मरणाची भीती असू नये.

त्याच दशकात अमेरिकेत एब्रहॅमसन आणि डेन्सन यांनी ‘सिम वन’ नावाचा संगणकावर चालणारा पुतळा केला. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो शिकवीत असे. वैमानिकांची तालीम त्याहून जुनी. एडविन लिंक यांनी १९२९ सालीच जमिनीवर बसून उडण्याचे यंत्र बनविले होते. वैमानिकांच्या त्या परंपरेतून डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञाने धडा घेतला आणि एकट्याच्या हाताबरोबर साऱ्या चमूच्या बोलण्याचालण्याचीही तालीम घेण्यास सुरुवात केली.

आता चष्म्याकडे येऊ. पॉल मिलग्रॅम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ साली एक सोपी कल्पना मांडली. एक रेघ ओढा. एका टोकाला खरे जग, दुसऱ्या टोकाला संपूर्ण चित्रातले जग. या दोन टोकांच्या मधे जे जे येते ते मिश्र वास्तव. चष्म्यात कॅमेरे असतात. ते खोलीची जमीन, भिंती, टेबल यांचे माप सतत घेत राहतात. म्हणून चित्रातला रुग्ण जमिनीवर जेथे ठेवला तेथेच राहतो. आपण त्याच्याभोवती फिरलो तर त्याची दुसरी बाजू दिसते. पुष्कळदा चित्र खऱ्या बाहुलीवर बसवितात. डोळ्यांना चित्रातला माणूस दिसतो आणि हातांना बाहुलीची छाती लागते. बाहुलीच्या आत माप घेणारी यंत्रे असतात. प्रौढ माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर, पण ६ च्या वर नाही, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबली पाहिजे. ती तशी दाबली की नाही ते लगेच कळते. साधन हुशारीचे आहे यात शंका नाही.

३. आम्ही काय पाहिले

एका संस्थेने आमच्या बारा कामगारांना प्रात्यक्षिकासाठी बोलावले. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांचा हेतू चांगला होता आणि त्यांनी चहाही चांगला पाजला. प्रसंग होता कारखान्यात विजेचा धक्का बसल्याचा. आम्हीही चष्मा चढविला. समोर मागांची रांग उभी राहिली, चकचकीत, नवीन. जमीन स्वच्छ. मधोमध कामगार पडलेला, डोळे मिटलेले, चेहरा शांत, हालचाल नाही. शेजारी निळ्या ठिणग्या उडविणारी वायर. हवेत तरंगणाऱ्या एका पाटीवर त्याच्या हृदयाची रेषा, अगदी सपाट. सारेच थक्क झाले. शिलाई खात्यातल्या आमच्या एक बाई ‘अगंबाई’ म्हणून धावत पुढे गेल्या, वायरीवर पाय देऊन रुग्णापाशी पोचल्या आणि छाती दाबू लागल्या. त्यांचे काम उत्तम झाले असे पाटीवर उमटले. वायरीवर पाय पडला, याची नोंद कोठेच नव्हती.

शेवटी एक कागद भरावयाचा होता. ‘अनुभव किती खरा वाटला? १ ते ५ पैकी गुण द्या.’ अकरा जणांनी पाच गुण दिले. एका म्हाताऱ्या जॉबरने दोन दिले. प्रशिक्षकांनी आदराने कारण विचारले. तो म्हणाला, ‘‘मागाचा आवाज कुठं हाय? आन् त्यो मानूस आचके देत न्हवता.’’ तो जॉबर १९९६ साली आमच्या बरोबर त्या शेडमध्ये होता.

प्रशिक्षकांनी बारा कागदांची सरासरी काढली. ती पावणेपाच आली. तालीम अत्यंत खरी ठरली. आमच्या मनात मात्र तेव्हापासून एकच विचार घोळत राहिला. ज्यांनी असा प्रसंग कधी पाहिला नाही त्यांचे अकरा कागद आणि ज्याने पाहिला त्याचा एक कागद, यांची सरासरी कशी काढता येईल?

४. खरेपणाचे तीन प्रकार

यावर जाणत्यांनी काय लिहिले आहे ते शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही वाचले. डिकमन, गाबा आणि राल या तिघांनी २००७ साली केलेली मांडणी आम्हांला सर्वांत उपयोगी वाटली. ते म्हणतात, तालमीचे खरेपण एकाच तराजूत तोलू नये. ते तीन प्रकारचे असते.

पहिले, रूपाचे खरेपण. पुतळ्याचे वजन, कातडीचा स्पर्श, खोलीचा आकार, आवाज, वास. मापाने मोजता येते ते हे. दुसरे, अर्थाचे खरेपण. ‘असे केले तर तसे होते’ हा कार्यकारणाचा संबंध. रक्त वाहिले तर नाडी वेगाने चालते. वायर पायाखाली आली तर मदतीला धावलेलाही पडतो. पुतळा लाकडी असला तरी हा संबंध खरा असू शकतो आणि चित्र हुबेहूब असले तरी तो खोटा असू शकतो. तिसरे, अनुभवाचे खरेपण. हे नाटक आहे हे ठाऊक असूनही माणूस त्यात मनाने शिरतो की नाही, हे ते. नाटक पाहताना आपण रडतो, तशातलाच हा प्रकार. मेल स्लेटर या अभ्यासकाने २००९ साली या तिसऱ्याचेही दोन भाग केले. ‘मी तेथे आहे’ असे वाटणे एक आणि ‘हे खरोखर घडत आहे’ असे वाटणे दुसरे.

आता आमचे प्रात्यक्षिक या तीन कसोट्यांवर घासून पाहू. तिसरी कसोटी ते उतरले. बाई धावल्या याचा अर्थ त्या मनाने तेथे होत्या. पहिलीवर ते अर्धेमुर्धे उतरले. मागांचे रूप होते, पण आवाज, भुसा आणि उकाडा नव्हता. दुसरीवर मात्र ते साफ घसरले, तेही तीन ठिकाणी. वायरीने धक्का दिला नाही. रुग्णाने आचके दिले नाहीत. आणि ती सपाट रेषा! विजेच्या धक्क्याने हृदय थांबते तेव्हा पुष्कळदा ते सपाट होत नाही, ते वेडेवाकडे थरथरत राहते. तसे थरथरणारे हृदय यंत्राने झटका देऊन ताळ्यावर आणता येते. सपाट रेषेवर त्या झटक्याचा उपयोग नाही. म्हणजे ज्या रुग्णाला वाचविण्याचा उपाय आहे, त्याच्या जागी उपाय नसलेला रुग्ण दाखविला गेला. सिनेमात मरण म्हणजे सपाट रेषा, म्हणून आम्हां सर्वांना ती खरी वाटली.

येथे या विषयाची सर्वांत अवघड गाठ आहे. खरे वाटणे आणि खरे असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढेच नव्हे तर त्या कधी कधी एकमेकींच्या विरुद्ध जातात. धुराचे उदाहरण घ्या. बंद जागेत आग लागली की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. रक्तातील तांबडे द्रव्य प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. अंगाला प्राणवायू मिळेनासा होतो. पण बोटाला लावायचे जे साधे यंत्र करोनाच्या साथीत घराघरांत आले, त्याला या दोहोंतला भेद कळत नाही. या वायूने बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या बोटावर ते ९८ असा आकडा दाखवू शकते. आता चष्म्यातील धूरग्रस्त रुग्णाच्या बोटावर ७० आकडा दाखविला तर प्रेक्षक म्हणतील, अगदी खरे! ९८ दाखविला तर म्हणतील, यंत्र बिघडले. पण जो शिकाऊ ७० च्या आकड्यावर शिकला, तो उद्या खऱ्या आगीत ९८ पाहील, ‘हा ठीक आहे’ म्हणेल आणि त्या माणसाला प्राणवायू न लावता बाजूला बसवून ठेवील. तालीम न मिळालेल्या माणसापेक्षा चुकीची तालीम मिळालेला माणूस अधिक धोक्याचा, कारण त्याला शंका येत नाही.

५. मल्लखांबाची साक्ष

याचा अर्थ सर्व काही हुबेहूब असले पाहिजे असा कोणी घेईल, तर तोही चुकेल. आपल्याकडे याची जुनी साक्ष आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांच्यामुळे नावारूपाला आलेला मल्लखांब पाहा. मल्लाचा सराव व्हावा म्हणून जमिनीत पुरलेला तो लाकडाचा खांब. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. पहिलवानाशी त्याचे रूपाचे काहीच साम्य नाही. तरी त्यावर कुस्तीची पकड तयार होते, कारण पकडीला जे लागते ते त्यात आहे. डाव मात्र मल्लखांबावर पुरा बसत नाही. त्याला जिवंत जोड लागते, जी हलते, फसविते आणि उलटा डाव टाकते. जुन्या वस्तादांना कोणत्या कामाला खांब पुरे आणि कोणत्या कामाला माणूस हवा, हे बरोबर कळत होते.

कॅनडातील जेफ्री नॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जे लिहिले ते आमच्या वस्तादांना नवे वाटले नसते. महाग, हुबेहूब साधनांवर शिकलेले आणि साध्या, स्वस्त साधनांवर शिकलेले, यांची तुलना करणारे अनेक प्रयोग त्यांनी एकत्र तपासले. खऱ्या कामातील दोघांच्या कौशल्यात फरक फारच थोडा आढळला. पुढे २०१४ साली हॅमस्ट्रा आणि त्यांचे सहकारी यांनी तर असे सुचविले की ‘हुबेहूबपणा’ हा शब्दच टाकून द्यावा आणि साधन जे करावयास लावते ते खऱ्या कामाशी जुळते की नाही एवढेच पाहावे.

मग चष्म्याचे काम काय? आहे, आणि ते मोठे आहे. छाती दाबायला शिकण्यासाठी चष्मा नको. साधी बाहुली पुरे. त्यात चित्र जर बाहुलीवरून दोन बोटे सरकले तर हात भलत्याच जागी पडतील, म्हणजे चष्म्याने नुकसानच. पण धूर भरलेल्या शेडमध्ये दार कोठे, आधी कोणाला बाहेर काढावयाचे, एकाच वेळी सहा जण पडलेले असता पहिला हात कोणाला लावावयाचा, वीज तोडल्याशिवाय पुढे जावयाचे की नाही, या निर्णयांची तालीम बाहुलीवर होत नाही. आणि तालमीसाठी खरा कारखाना पेटविता येत नाही. तेथे हा चष्मा जिवंत जोडीदाराची जागा थोडीबहुत घेऊ शकतो. मात्र त्या जोडीदाराने उलटा डाव टाकला पाहिजे. चुकीच्या दाराने गेले तर धूर दाटला पाहिजे, वायरीवर पाय पडला तर तालीम तेथेच थांबली पाहिजे.

६. पंच कोण?

खरेपणाचा निवाडा कोणी करावा, या प्रश्नाला आमचे उत्तर असे की तीन पंच हवेत. एकट्यादुकट्याचे काम नाही.

पहिला पंच, ज्याने असे रुग्ण हाताळले आहेत तो. म्हणजे तातडीच्या विभागातील डॉक्टर, परिचारिका आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवरची माणसे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. रस्त्यावर, विहिरीच्या काठी, कारखान्याच्या दारात त्यांनी जे पाहिले आहे ते वातानुकूलित खोलीत कोणी पाहिलेले नाही. आचके, बोटावरचा फसवा आकडा आणि थरथरणारी रेषा ते ओळखतील.

दुसरा पंच, ज्याला ती जागा ठाऊक आहे तो, म्हणजे कामगार. डॉक्टरला मेन स्विच कोठे असतो हे माहीत नसते. मागाच्या आवाजात ‘बाजूला व्हा’ ही आरोळी ऐकू जात नाही, म्हणून आधी माग बंद करावे लागतात, हे त्याला माहीत नसते. घाबरलेला माणूस आपल्या आईच्या भाषेत ओरडतो. आमच्याकडे ती बहुधा तेलुगू असते. प्रशिक्षणातील रुग्ण मात्र शुद्ध हिंदीत किंवा इंग्रजीत कण्हतो. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. त्यांतच मिनिटे जातात.

या दोन्ही पंचांचेही दोष आहेत, हे कबूल केले पाहिजे. आमच्या जॉबरने एक मरण पाहिले होते. प्रत्येक मरण तसेच असते असे त्याला वाटू शकते. अनुभवी माणूस आपल्या आठवणीलाच सत्य समजतो. म्हणून साक्षीदार अनेक हवेत, आणि तालीम सुरू होण्यापूर्वीच त्यांनी कोणत्या गोष्टी खऱ्या असल्याच पाहिजेत याची यादी लिहून द्यावी. तालीम झाल्यावर विचारले तर चष्म्याची चमक त्यांनाही भुलविते. आम्हांला भुलविलेच होते.

तिसरा पंच म्हणजे काळ. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन शिक्षकाने १९५९ साली शिक्षणाच्या फलाच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाराला ते आवडले काय, तो शिकला काय, कामावर तसे वागतो काय आणि त्यातून प्रत्यक्ष फळ मिळाले काय. १ ते ५ गुणांचा तो कागद फक्त पहिल्या पायरीचा. तो टाकाऊ नाही; ज्याला तालमीचा कंटाळा आला तो शिकणार नाही. पण पहिल्या पायरीवर उभे राहून गच्चीवर पोचलो असे म्हणता येत नाही. छाती दाबण्याचे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागते, हे पुष्कळदा दिसून आले आहे. तेव्हा खरी परीक्षा अशी की चार महिन्यांनी, न सांगता, पाळी चालू असताना, त्याच शेडमध्ये साधी बाहुली टाकावी आणि घड्याळ लावून पाहावे. वीज कोणी तोडली? छातीवर पहिला हात किती सेकंदांत पडला? १०८ ला फोन कोणी केला? ज्या तालमीतून गेलेले कामगार येथे उतरतील ती तालीम खरी. मग तिच्यात चष्मा असो वा नसो.

७. आमची मागणी

काही मित्र म्हणतील, कामगार संघटनांना यंत्राचा रागच असतो. तसे नाही. ज्या शास्त्राने आमच्या त्या पोराला वाचविता आले असते, त्या शास्त्राशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण क्रमाशी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचाराची पेटी आणि तिच्यापाशी प्रशिक्षित माणूस असावा असे सांगितले होते. आम्ही पाहिलेल्या कितीतरी पेट्यांत आयोडीनची वाळलेली बाटली आणि मालकाच्या गाडीच्या किल्ल्या निघाल्या आहेत. पेटी रिकामी ठेवून चष्मा विकत घेणे म्हणजे घरात दाणा नसताना दारात रांगोळी काढणे होय. शिवाय चष्म्याचा धंदा चंचल. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा होलोलेन्स हा चष्मा २०१६ साली आला, जगभर नावाजला गेला आणि २०२४ साली त्याचे उत्पादन बंद झाल्याचे कंपनीने सांगितले. बाहुली मात्र साठ वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक शेडमध्ये आधी पेटी, चालू स्थितीतला मेन स्विच, मोकळे दार आणि प्रत्येक पाळीत छाती दाबता येणारी निदान दोन माणसे. त्यानंतर चष्मा जरूर यावा. पण तो येताना त्याच्या प्रसंगांची यादी डॉक्टर, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी आणि कामगार यांनी मिळून केलेली असावी, तीही तेलुगू, कानडी आणि मराठीत. आणि त्याचा निकाल त्या दिवशीच्या कागदावर लागू नये. चार महिन्यांनी शेडमध्ये लागावा.

त्या प्रात्यक्षिकाच्या प्रशिक्षकांना आम्ही जॉबरचे म्हणणे पुन्हा समजावून सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि आचक्यांचा आवाज रुग्णाच्या घशात घालता येईल असे म्हणाले. तो आवाज कसा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. जॉबरने खुर्चीवर बसल्या बसल्या तोंड उघडून तो काढून दाखविला. तीस वर्षांनी तो आवाज ऐकून आमच्या अंगावर काटा आला. प्रशिक्षकांनी तो यंत्रावर नोंदवून घेतला. पुढच्या खेपेस चष्मा चढविणारा तो ऐकेल आणि त्या वेळी ‘श्वास घेतोय’ असे न म्हणता गुडघे टेकून छातीवर हात ठेवील, तर त्या तालमीला आम्हीही पाच गुण देऊ.